बंपरवरचं वजन

वर्तमानपत्रात अधूनमधून एक फोटो येतो. कुठल्यातरी गावातल्या माणसाने भंगारातून ट्रॅक्टरला जोडायची क्रेन बनवलेली असते, तो शेजारी हात जोडून उभा असतो आणि खाली ग्रामीण प्रतिभेचं कौतुक छापलेलं असतं. मी त्या फोटोत क्रेन बघत नाही. आधी ट्रॅक्टरच्या तोंडाकडे बघते. तिथे कुणी बसलंय का, आणि बसलं असेल तर त्याचे पाय कुठे आहेत.

अशी एक क्रेन माझ्या वडिलांनी बनवली होती. तिच्याबद्दल कुठेच काही छापून आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

आबा कबनूरला यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की तो चालू करून द्यायचा, हे जॉबरचं काम. कामगारांची संघटना बांधायच्या खटपटीत ते पुढे असायचे, त्यामुळे नव्वदच्या दशकातल्या एका संपानंतर कुठलाच कारखानदार त्यांना दारात उभं करेना. आम्ही शिरोळ तालुक्यातल्या आमच्या गावी परतलो तेव्हा टेम्पोत भांड्यांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. गुलाबी, पिवळा, हलका कागद. मी अक्षरं त्यांवरच लावायला शिकले. वर्गातल्या मुली 'कमळ' वाचत होत्या तेव्हा मला 'धिक्कार' जोडाक्षरासकट वाचता येत होतं. पाठकोऱ्या बाजूला मी गणितं सोडवायची. एका बाजूला सातचा पाढा, दुसऱ्या बाजूला मागाच्या पट्ट्यात हात गेलेल्या कुणाची तरी हकिकत. हकिकतीत मालकाचं म्हणणं दर वेळी तेच असायचं, की कामगार स्वतःच्या हलगर्जीपणामुळे जखमी झाला. आबा ते वाक्य मला मोठ्याने वाचायला लावायचे आणि विचारायचे, यात काय लपवलंय? मी म्हणायची, पट्ट्यावर जाळी नव्हती ते. मग ते खूश व्हायचे.

गावात त्यांनी रस्त्याकडेला वेल्डिंगचं दुकान टाकलं. उसाच्या ट्रॉल्यांचे तुटलेले साटे, नांगराचे फाळ, कुणाच्या गेटच्या बिजागऱ्या. संघटनेचे लोक अजून कधी कधी यायचे आणि दुकानाच्या बाकावर बसून आबा त्यांना पत्रकाचा मजकूर सांगायचे. मी लिहून घ्यायची. माझं सगळं लिहिणं तिथूनच सुरू झालं.

मग कृष्णेला मोठा पूर आला. आमच्या आळीला पाणी नुसतं लागून गेलं, पण आबांची थोरली बहीण, माझी आत्या, नदीकडच्या अंगाला राहायची. तिच्या घराच्या मातीच्या भिंती पाण्यात बसल्या. आत्या आणि मामा, म्हणजे तिचा नवरा, गोठ्याच्या पत्र्यावर चढून बसले होते. मामा आचारी. लग्नकार्यात शंभर पानांपासून हजार पानांपर्यंत स्वयंपाक करणारे, आणि अंगानेही तसेच. त्यांच्या वजनाने पत्रा मधोमध वाकत होता. नाव येईपर्यंत दोघं पत्र्याच्या दोन कडांना, एकमेकांपासून लांब, हालचाल न करता बसून होती. आत्या पुढे कधी त्याबद्दल बोलायची तेव्हा पाण्याबद्दल बोलायची नाही. पत्र्याच्या आवाजाबद्दल बोलायची.

पूर ओसरल्यावर नदीकडच्या लोकांना माळावर जागा मिळाल्या. पुढच्या उन्हाळ्यात माळावर एकदम घरं उठायला लागली. सगळे पत्रे घालत होते. आत्याने सांगितलं, पत्रा न्हाय. वर चढून बसता आलं पाहिजे असं छत पाहिजे, आणि तेही पावसाच्या आत. लोकांनी तिला समजावलं की माळावर पाणी कसं चढेल. तिचं उत्तर ठरलेलं.

"जुन्या घरात तरी आजवर कुठं चढलं हुतं?"

 तिला मुलगे नव्हते, दोन लेकी होत्या आणि त्या आपापल्या घरी होत्या. या जन्मात तिला पुन्हा कुणाच्या नावेची वाट बघायची नव्हती. पावसाच्या आत छत. त्या उन्हाळ्यात तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

जुन्या घराला तुळयांच्या जागी रेल्वेचे जुने रूळ होते. मामांच्या वडिलांनी ते कुठून आणले होते देव जाणे. चिखलातून आम्ही ते उपसून काढले, धुतले, तेलपाणी केलं. विटांच्या भिंतीवर हे रूळ आडवे टाकायचे, त्यांवर शहाबादी फरशी आणि फरशीवर काँक्रीट, असं ठरलं. त्यावर हत्ती नाचला तरी छत हललं नसतं. अडचण एकच होती. एक रूळ भिंतीवर चढवायला दहा-बारा माणसं लागतात, आणि माळावरचा प्रत्येक माणूस स्वतःच्याच घराच्या भिंतीवर होता. कंत्राटदारांच्या क्रेन असल्या चार खणांच्या घरासाठी येत नाहीत. आल्या असत्या तरी आम्हाला झेपल्या नसत्या.

म्हणून आबांनी क्रेन केली. ट्रॅक्टर आमच्या आळीतल्या एकाचा, उसाची वाहतूक करणारा. ट्रॅक्टरच्या मागे नांगर जोडायला दोन लोखंडी हात असतात, ते हायड्रॉलिकवर वर-खाली होतात. आबांनी मोडीत निघालेल्या ट्रॉलीच्या चासीचे दोन लोखंडी चॅनेल कापले, तिरके जोडून त्रिकोण केला आणि तो त्या हातांना पिनांनी बसवला. त्रिकोणातून मागे, वरच्या अंगाला जाणारा एक लांब जाड पाइप. पाइपात दुसरा पाइप, हवा तेवढा बाहेर ओढून पिन मारायची. टोकाला हूक आणि चेनची कप्पी. हात दीड-दोन फूट उचलले की पाइपाचं टोक माणसापेक्षा उंच चढायचं, राहिलेलं कप्पीने ओढायचं. आबांनी कागदावर काही काढलं नव्हतं. खडूने दुकानाच्या फरशीवर रेघा मारल्या होत्या, त्यांवरून चालत ते माप घ्यायचे. त्या आठवड्यात ते जेवताना बोलत होते. खूप दिवसांनी बोलत होते.

चाचणी म्हणून एक रूळ हुकाला लावला, लिव्हर ओढला, आणि रूळ जागचा हलण्याऐवजी ट्रॅक्टरची पुढची चाकं जमिनीवरून उठली.

सगळे हसले. ट्रॅक्टरवालाही हसला आणि म्हणाला, "बसा की रं दोघं-तिघं म्होरं."

उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. दोन ट्रॉल्या भरून ट्रॅक्टर चढाला लागला की त्याचं तोंड उचलतं. मग ऊसतोडीतली दोघं-तिघं जाऊन पुढच्या बंपरवर बसतात, पाय खाली सोडून, तंबाखू मळत. फडापासून कारखान्यापर्यंत हंगामभर हे चालतं. लहानपणापासून आम्ही हेच बघत आलो. ट्रॅक्टरला कंपनीकडून पुढे लावायची लोखंडी वजनं येतात, पण ती बहुतेकांनी पहिल्याच वर्षी काढलेली असतात. या ट्रॅक्टरची वजनंही काढलेली होती. त्यातल्या एकाला मालकाच्या गोठ्यात म्हैस बांधलेली मी स्वतः बघितली आहे. लोखंडाचा उपयोग लोकांना दिसतो. माणूस फुकट असतो आणि हाकेसरशी येतो.

मामा उठले आणि जाऊन बंपरवर बसले. चाकं खाली आली ती हललीच नाहीत.

"आजवर लोकांच्या लग्नात खाल्लं, ते आज कामाला आलं बघा पावणं," ते आबांना म्हणाले.

"दाजी, तुमी निस्तं बसा. ट्रॅक्टर नसला तरी चालंल," आबा म्हणाले.

पुढे सगळा मे महिना असाच गेला. आत्याच्या भिंती अजून उठत होत्या आणि क्रेनची बातमी माळभर झाली होती. कुणाला दगडी उंबरा उचलायचा होता, कुणाला जुनी सागवानी तुळई. आबा सगळ्यांकडे गेले. आत्याच्या भिंती पुऱ्या झाल्या तेव्हा तिने विचारलं, आता माझं कधी? आबांनी तिला सांगितलं की ज्यांना आधी शब्द दिलाय त्यांचं आधी. बहिणीचं घर पुढे घेतलं तर लोक काय म्हणतील. हा त्यांचा पिंडच होता. संघटनेतही ते स्वतःच्या नातेवाइकाचा प्रश्न सगळ्यात शेवटी घ्यायचे आणि त्याचा त्यांना अभिमान होता. मलाही होता.  आत्या आभाळाकडे बघून बिनछताच्या घरात गेली.

प्रत्येक घरी मामा बंपरवर. कमी पडलं तर आणखी एखादा. मी दुपारची जेवणं घेऊन माळावर जायची. एकदा आबांना म्हटलं, ह्याच्यापेक्षा सिमेंटचा एक ठोकळा ओतून पुढे का लावत नाही? ते म्हणाले, करू की, जरा सवड मिळू दे. त्यांनी टाळलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या मनात ते होतंच. पण माळावर पोतंभर सिमेंट आलं की ते कुणाच्यातरी भिंतीत जायचं, आणि बसायला माणूस तयार होता.

आत्याचं काम निघालं तेव्हा वळवाचे ढग रोज संध्याकाळी जमायला लागले होते. सात रूळ होते. सकाळपासून चार चढले. पाचवा पलीकडच्या भिंतीला टाकायचा होता आणि तिकडून ट्रॅक्टर लागत नव्हता, कारण जोत्याचे दगड वाटेत रचलेले होते. दगड हलवायचे तर संध्याकाळ झाली असती. मग आतला पाइप आणखी बाहेर ओढला, पिन मारली, आणि ट्रॅक्टर भिंतीपासून लांब, तिरका, तोंड दगडांशी येईल असा उभा केला. पाइप लांब झाला तसं तोंड जास्त हलकं झालं. मामांच्या जोडीला ट्रॅक्टरवाला बसला. आबा लिव्हरवर होते. मी बादलीत पाणी घेऊन भिंतीच्या सावलीला उभी होते.

रूळ वर गेला. वर जाताना ट्रॅक्टरचं तोंड दोघांना घेऊन हळूहळू उठलं, दगडांच्याही वर. मामा वरून काहीतरी म्हणाले आणि ट्रॅक्टरवाला हसला. मग रुळाचं एक टोक भिंतीवर टेकलं. हुकावरचा भार एका क्षणात निघाला आणि तोंड खाली आलं. ट्रॅक्टरवाला बाजूला फेकला गेला, त्याला काही झालं नाही. मामांचे पाय खाली सोडलेले होते. उजवा पाय बंपर आणि जोत्याच्या दगडांच्या मध्ये सापडला.

ते ओरडले नाहीत. आवाज आबांचा आला.

जीपमध्ये मामांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. पायाला आत्याचं लुगडं गुंडाळलेलं होतं. आबा पुढे बसले होते आणि मागे वळून बघत नव्हते. गावाची वेस ओलांडल्यावर मामांनी डोळे उघडले आणि नीट, सावकाश, ताटं किती लागतील हे सांगावं तसं सांगितलं.

"शिडीवरनं पडलो म्हणायचं. ट्रॅक्टरचं नाव काढलं तर गाडी जमा करत्यात. अजून दोन रूळ खाली हाईत."

 सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्यांनी स्वतःच तसं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा पाय गुडघ्याच्या वर कापला.

शिडीवरून पडलेल्या माणसाचा पाय असा चिरडत नाही, हे कुणालाही कळलं असतं. डॉक्टरांना कळलंच असेल. त्यांनी नियमाप्रमाणे पोलिसांना कळवलं आणि हवालदार माळावर येणार असा निरोप आला. आदल्या संध्याकाळी लोक आबांच्या दुकानासमोर जमले. अजून बारा-पंधरा घरांचं काम त्या क्रेनवर अडलेलं होतं. सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली आणि सगळ्यांनी शिडीच म्हणायचं ठरवलं. आबा ऐकत होते. लोक गेल्यावर मी त्यांना विचारलं की तुम्हीसुद्धा शिडी म्हणणार का. ते हातातला वेल्डिंगचा होल्डर पुसत राहिले.

मी म्हटलं, "इतकी वर्षं मला जे वाचायला लावलंत, ते हेच होतं. मालक म्हणतो, कामगार आपल्या चुकीने पडला."

"पत्रकात मालक वेगळा असतोय आन कामगार वेगळा," ते म्हणाले. "हितं मालक कोण? सांग मला."

"वजनं काढून ठेवली तो. आणि ठोकळा ओतायला ज्याला सवड झाली नाही तो."

 ते एवढंच म्हणाले, की मी खरं सांगितलं तर उद्या गाडी जाईल, क्रेन जाईल आणि अक्का उघड्यावर पडेल. तू म्हणशील तर सांगतो. आत्याला ते अक्का म्हणायचे. मी म्हटलं, सांगा. मी आजही तेच म्हणेन. एका घराच्या छतासाठी एका माणसाचा पाय कसा गेला हे पुसून टाकायचं, तर पुढच्या माळावर पुढचा माणूस बंपरवर बसणारच. पण आबांनी मला विचारलं होतं ते परवानगी मागायला नव्हे, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

हवालदार आला. उसाच्याच गावचा असावा, कारण जोत्याचे दगड, मातीतले चाकांचे व्रण आणि बाजूला लावलेला ट्रॅक्टर यांवरून त्याची नजर एकदा फिरली आणि तो कुणाकडे न बघता पाटावर बसला. कागद काढला. मग त्याने विचारलं, "शिडी कुठली?"

 सगळ्यांनी सगळं ठरवलं होतं, शिडी मात्र कुणाच्या डोक्यात आली नव्हती. त्या जागेवर शिडी नव्हतीच. गवंडी परांचीवरून, बॅरलवर पाय देऊन चढायचे.

आत्या उठली. पदर खोचला, शेजारच्या प्लॉटवर गेली, तिथली बांबूची शिडी एकटीने ओढत आणली आणि पलीकडच्या भिंतीला टेकवली. बांबू भिंतीच्या वरपर्यंत पोचतही नव्हता, दोन-अडीच फूट खालीच राहिला. मग ती हात झटकत हवालदारासमोर येऊन उभी राहिली. त्याने शिडीकडे बघितलं, आत्याकडे बघितलं, आणि लिहायला घेतलं. पंच म्हणून पहिली सही आबांनी केली. त्यांची सही मी शेकडो निवेदनांखाली बघितली होती. लफ्फेदार, खाली दोन रेघा मारलेली. त्या दिवशी रेघा नव्हत्या.

हवालदार गेल्यावर आबा दुकानात गेले. एक मोकळं बॅरल अर्ध्यातून कापलं, आत सळ्या टाकल्या, काँक्रीट ओतलं, वर लोखंडी कड्या बसवल्या. ओतायला एक दुपार लागली. दोन दिवस पाणी मारून तो ठोकळा बंपरला पिनांनी अडकवला आणि त्यांनी उरलेले रूळ उचलले. ट्रॅक्टरचं तोंड तसूभरही हललं नाही. बंपरवर कुणी नव्हतं, आजूबाजूलाही कुणी फिरकत नव्हतं. आत्या परांचीवर उभी राहून प्रत्येक रूळ टेकताना बघत होती. लोक म्हणत होते, झ्याक झालं, आता कसलं भ्या न्हाय. मला तिथे थांबवेना.

पाऊस लागायच्या आत छत झालं. मामा आले ते पावसातच, टेम्पोतून, प्लास्टिकच्या कागदाखाली. कुबड्या नव्या होत्या. घरात आल्यावर त्यांनी वर बघितलं, सगळे रूळ मोजले आणि खाटेवर आडवे झाले. त्या पावसाळ्यात नदी फारशी चढली नाही.

आचाऱ्याला दिवस दिवस चुलवणापुढे उभं राहावं लागतं. एका पायावर ते जमत नाही. सुरुवातीला लोक त्यांना नुसतं सांगायला म्हणून न्यायचे, खुर्ची टाकून बसवायचे. मग तेही थांबलं. माळावरची बाकीची घरं उठली. त्यानंतर एका सकाळी आबांनी क्रेन गॅसने कापली, तुकडे वजनावर विकले. संघटनेची माणसं पुन्हा मजकूर सांगून घ्यायला आली तेव्हा ते म्हणाले, आता पोरगी लिहील, तिला जमतं. मी लिहिलं. अजून लिहिते. बांधकामावरच्या मजुरांच्या सुरक्षेबद्दलचं एक पत्रक मी लिहिलं तेव्हा त्यांनी ते वाचलं आणि घडी करून परत दिलं. चूक काढली नाही. पूर्वी एखादी तरी काढायचेच.

ती शिडी शेजाऱ्यांनी परत मागितली नाही. आत्याने तिला खाली दगडांचा उंचवटा करून घेतला आणि छतावर जायला तीच वापरायला लागली. पावसाचा जोर वाढला की ती डोक्यावर पोतं घेऊन वर जाते आणि नदीकडे बघते. मामा खालून, खाटेवरून विचारतात, कुठवर आलंय? ती वरून सांगते. त्यांना वर जाता येत नाही. पाणी आलंच तर त्यांना वर कसं न्यायचं, हे आजवर त्या घरात कुणी बोललेलं नाही. निदान माझ्यासमोर तरी नाही.

मागच्या वर्षी मी गेले होते तेव्हा गडहिंग्लजकडचे कुणी पाहुणे लग्नाची पत्रिका घेऊन आले होते. मामांच्या हातची चव त्यांनी जुन्या काळी चाखलेली. पायाकडे बघून हळहळले आणि कसं झालं म्हणून विचारलं. मामांनी सांगितलं. शिडीची वरची पायरी कशी आधीच किडलेली होती, डाव्या हातात थापी कशी होती, तोल कसा गेला. इतकं बारीकसारीक की पाहुण्यांनी डोळे मिटून घेतले. आत्या चहा गाळत होती, तिने मान वर केली नाही.

पाहुणे गेल्यावर मला राहवलं नाही. मी म्हटलं, मामा, शिडी कुठं होती?

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता. लहान पोराला एखादी साधी गोष्ट पुन्हा सांगावी लागावी, तसं बघितलं.

"हुती की," ते म्हणाले. "शिडीबिगर हे छत झालं असतं व्हय?"